तळ दाखवणारी काच

जन्म कुठल्या घरात घ्यायचा हे निवडायची मुभा माणसाला असती, तर आमचे थोरले साडू अजून जन्माला यायचेच राहिले असते. वर कुठेतरी बसून त्यांनी एकेक घर उलटंपालटं करून पाहिलं असतं, उंबऱ्यांची उंची मापली असती, 'ऊन बरं येतंय, पण परड्यात पाणी तुंबतंय' असं म्हणून पुढचं घर दाखवायला सांगितलं असतं, आणि शेवटी ब्रह्मदेवानेच हात जोडून 'पावणं, आता दुकान बंद करायचंय' अशी विनवणी केली असती. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पावणं म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं मोठी झाली, तरी मी त्यांच्या लेखी पाहुणाच. माझ्याबद्दलचा त्यांचा निर्णय बहुधा अजून झालेला नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दाजींचं लहानसं वर्कशॉप होतं. लेथवर पंपाचे शाफ्ट आणि बुश कातून द्यायचे हा धंदा. केसाएवढा फरक पडला की माल भंगारात, या शिस्तीत उभा जन्म गेल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट अंदाजाने घ्यायची असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लोक खिशाला पेन लावतात, दाजी व्हर्नियर लावायचे. व्हर्नियर म्हणजे जाडी मापायचा पोलादी चिमटा. तो घेऊन ते बाजारात हिंडायचे. चपलेचा तळ दोन्ही पायांत सारखा आहे की नाही, हे त्यांनी दुकानदाराच्या डोळ्यांदेखत मापून पाहिलेलं आहे, आणि तो बिचारा चौथी जोडी काढून देताना 'घालायच्या हायत का विमानाला लावायच्या हायत?' असं म्हणालेला मी स्वतः ऐकलेला आहे. एकदा जेवताना त्यांनी ताटातल्या भाकरीला चिमटा लावला आणि जाहीर केलं, "कडंला पातळ हाय, मधी जाड." अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या थोरल्या मेहुणीने, ती भाकरी ताटातून उचलून त्यांच्या हातात दिली. "मग जावा, लेथवर लावून आणा," अक्का म्हणाल्या.

गंमत म्हणजे हाच माणूस लग्नाला मात्र एका क्षणात हो म्हणाला होता. अक्कांनी चहाचा ट्रे आणून समोर ठेवला आणि दाजींनी घोट घ्यायच्या आधीच आपल्या मामांच्या कानात 'पसंत हाय' म्हणून सांगून टाकलं. पुढे मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "कप काठोकाठ भरलं हुतं पावणं, आणि बशीत थेंब न्हवता. असली लेव्हल मशिनला बी जमत न्हाय." अक्का हे ऐकून आत गेल्या. जाताना त्या हसत होत्या.

मी पोस्टातला माणूस. समोर येईल त्यावर शिक्का मारायचा आणि पुढे ढकलायचं हा माझा धर्म. त्यामुळे दाजींबरोबर खरेदीला जायचं म्हटलं की माझं डोकं दुखायला लागायचं. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा एका दुपारी ते माझ्या खिडकीपाशी आले आणि रुमालात बांधलेलं काहीतरी त्यांनी अलगद समोर ठेवलं. मला वाटलं पेढे असतील. रुमालात लेन्स निघाली. वाइड अँगल. राजारामपुरीतला एक स्टुडिओवाला धंदा आवरत होता, त्याच्याकडून आणलेली. "आणि कॅमेरा?" मी विचारलं. "त्यो बघू की सावकाश," दाजी म्हणाले. लोक म्हैस आणतात आणि मग दावं शोधतात. दाजींनी दावं आधी आणलं होतं.

कारण विचारलं तर म्हणाले, "गावाकडच्या विहिरीचा फोटो काढायचाय. सगळी एका घासात आली पायजे."

दाजींचं गाव आजऱ्याच्या अलीकडे, काजूच्या झाडांत लपलेलं. तिथे त्यांच्या घरापुढे जांभ्या दगडात खोदलेली जुनी विहीर होती, पायऱ्यांची. त्यांच्या पणजोबांनी ती बांधताना तळाला एक दगडी कासव बसवलं, आणि झरा त्या कासवाच्या पोटाखाली आहे, अशी घरात समजूत. विहीर उपसली तर कासव रुसेल आणि झरा जाईल, म्हणून ती कुणी कधी उपसली नाही. घरातला मुलगा पोहायला शिकला की त्याने काठावरून उडी मारायची, तळाला जाऊन कासवाला हात लावायचा आणि वर येऊन हात उंच करून 'शिवलो!' म्हणून ओरडायचं. मग आई त्याच्या हातावर गूळखोबरं ठेवायची. त्या घरात मुंजीपेक्षा आणि मॅट्रिकपेक्षा याला मान होता. आता मात्र गावचा रस्ता रुंद होणार होता आणि विहीर रस्त्यात येत होती. घरोघरी नळ आल्यापासून कुणी पाणी शेंदत नव्हतं, तेव्हा हरकत तरी कोण घेणार? पावसाळ्याआधी मुरूम टाकून ती बुजवायची असं ठरलं होतं, आणि ती बुजवायच्या आधी दाजींना एकदा ते कासव बघायचं होतं. नुसतं बघायचं नव्हतं, त्याचा फोटो हवा होता.

"एखादा पट्टीचा पोहणारा उतरवा की खाली," मी म्हणालो. "त्यो काय सांगणार?" दाजी म्हणाले, "शिवलो म्हणणार. सगळीच शिवल्यात."

यथावकाश कॅमेरा आला. हाताने फोकस करायचा जुना कॅमेरा होता. त्याची परीक्षा आमच्या घराच्या वास्तुशांतीला झाली. वाइड अँगलमध्ये सगळं गोत मावलं खरं, पण त्या लेन्सचा एक गुण आम्हाला माहीत नव्हता. मधली माणसं शहाण्यासारखी येतात आणि कडेची ताणली जातात. मधोमध उभा असलेला आचारी सडपातळ आला आणि कडेला उभ्या असलेल्या आमच्या सासूबाई दीडपट रुंद आल्या. त्यांनी फोटो पाहिला, पदर सारखा केला आणि दिवाळीपर्यंत दाजींशी अवाक्षर बोलल्या नाहीत. मग दाजी गावाला जाऊन विहिरीचा रोल काढून आले. लॅबमधून पाकीट आणलं, उघडलं. प्रत्येक फोटोत आभाळ होतं, काजूची पानं होती आणि पाण्यात उलटं लोंबणारं एक टक्कल होतं. "कासवाच्या जागी माझंच डोस्कं आलंय," दाजी म्हणाले. लॅबवाला हसला आणि म्हणाला की पाण्यावरची चमक कापायची तर लेन्सपुढे पोलरायझर लावा. गोल फिल्टर असतो, पुढची कडी फिरवली की चमक जाते आणि खालचं दिसतं. त्याने हे सहज सांगितलं. आमच्या पुढच्या काही महिन्यांचं काय होणार आहे याची त्याला कल्पना नव्हती.

कारण आता निवडायचं होतं. जाड कडीचा फिल्टर घेतला तर वाइड अँगल लेन्सला स्वतःच्याच चष्म्याची काडी दिसावी तशी ती कडी दिसायची आणि फोटोचे चारही कोपरे काळे व्हायचे. पातळ कडीचा घेतला तर त्यावर लेन्सचं झाकण बसायचं नाही. काचेत किंचित निळसर छटा असलेला एक होता, तो आभाळाला बरा पण जांभ्याचा तांबडा रंग मारणारा. एक स्वच्छ होता, पण त्याची कडी फिरवताना कुरकुरायची. शिवाय वाइड अँगलमध्ये आभाळ एवढं मोठं येतं की फिल्टरने ते एका बाजूला गडद निळं आणि दुसऱ्या बाजूला धुतलेल्या धोतरासारखं दिसतं, हे नवीनच दुःख. महाद्वार रोडवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात दाजी रोज संध्याकाळी जायचे, फिल्टर मागायचे आणि व्हर्नियर काढायचे. दुकानदार आधी चहा मागवायचा. नंतर नंतर तो दाजींना लांबून बघितलं की गोदामात जायला लागला. शेवटी त्याने कंटाळून तीन-चार फिल्टर पसंतीसाठी घरी नेऊ दिले, आणि दाजी मोकाट सुटले.

ते फिल्टर डोळ्याला लावून त्यांनी सगळं कोल्हापूर पाहिलं. बँकेत गेले तर काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवर फिल्टर धरून त्यांनी तो फिरवला, आणि आकडे जाऊन पडदा काळाभोर झाला. कॅशियर घाबरून उभा राहिला. "काय केलं ओ?" दाजींनी उलटं फिरवलं, आकडे परत आले. "काय न्हाय, चमक कुठल्या बाजूनं कापती ती बघतोय." त्यानंतर त्या शाखेत दाजींना खिडकीपासून हातभर लांब उभं करायचे. मिसळीच्या हॉटेलात तर हातघाईवर येणार होतं. दाजींनी ताटलीवर तिरका फिल्टर धरला आणि मालकाला बोलावून दाखवलं. कटावर जो लालभडक तेलाचा तवंग चमकत असतो, ज्याच्यासाठी लोक लांबून येतात, त्याची चमक साफ गेली. मालकाने पुन्हा पुन्हा बघितलं. "ओ, आमच्या कटाचं पाणी केलासा की!" तो ओरडला. दाजी शांतपणे म्हणाले, "ज्यास्नी डॉक्टरनं तेल बंद केलंय त्यास्नी हे डोळ्याला लावून खाया द्या." पलीकडच्या टेबलावरच्या एका पैलवानाने तो फिल्टर मागून घेतला आणि मिसळ संपेपर्यंत परत दिला नाही.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होतो. पण त्या दिवसांतली रंकाळ्यावरची एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. आम्ही कट्ट्यावर पाण्याकडे पाय सोडून बसलो होतो. ऊन उतरलं होतं, तळ्यावर सोन्याचा पत्रा पसरल्यासारखं झालं होतं आणि वारा पडला होता. दाजींनी फिल्टर माझ्या डोळ्यापुढे धरला. "फिरवा हळू," म्हणाले. मी कडी फिरवली आणि जवळच्या पाण्यावरचा तो पत्रा कुणीतरी हलकेच ओढून घ्यावा तसा निघून गेला. खाली हिरवे दगड होते. दगडांवर शेवाळाचे केस एका दिशेला झुकलेले होते, आणि बोटाएवढे मासे काही काम नसल्यासारखे जागच्या जागी उभे होते. मी कडी पुढे फिरवली, परत सोनं. आणखी फिरवली, परत मासे. किती वेळ मी ते करत होतो कोण जाणे. इतकी वर्षं मी या तळ्याकाठी येत होतो आणि मासे माझ्या पायाशी उभे होते, हे मला ठाऊक नव्हतं. उभं राहून सरळ खाली बघितलं तर चमक जात नव्हती. बसून, जरा लांब, तिरकं बघितलं तरच जायची.

"चमक वाईट न्हवं पावणं," दाजी म्हणाले. "पर ती हाय तवर खालचं कायबी कळत न्हाय."

मग समोरच बघत ते म्हणाले, "मी शिवलो न्हाय कासवाला."

मी फिल्टर खाली घेतला. दाजींना पोहता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. हिरण्यकेशी नदीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे त्यांनी आयुष्यभर कसं लपवलं असेल ते तेच जाणोत. लहानपणी पाण्याची भीती होती. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्यांना विहिरीत सोडायचे, आणि बरोबरीची सगळी पोरं शिवून झाली तरी यांचा डबा काही सुटेना. "एक दिवस मलाच लाज वाटली," दाजी सांगत होते. "तोंड पाण्यात घातलं, वर काढलं, हात वर केला आणि वरडलो, शिवलो! आता डबा बांधलेलं पोरगं तळाला जाईल कसं? सगळी पोट धरून हसाय लागली. आई बी हसली. तवर अण्णा पाण्यातनं वर आला."

अण्णा म्हणजे दाजींचे थोरले भाऊ. विहिरीत सूर मारून सगळ्यांत जास्त वेळ खाली राहणारे.

"त्यो म्हणाला, हसताय कशाला? शिवला त्यो. मी खालीच हुतो, मी बघितलंय. अण्णानं सांगितल्यावर कोण बोलणार? आईनं गूळखोबरं दिलं मला."

"खाल्लंत?"

"खाल्लं की. अजून घशात हाय." दाजींनी फिल्टर माझ्या हातातून घेतला आणि बनियनच्या टोकाने पुसला. "माझ्यापायी त्यो खोटं बोलला पावणं. जन्मात एवढंच खोटं बोलला असंल. एकदा कासव डोळ्यानं बघितलं म्हणजे शिवल्यागत हुईल. त्याचा शब्द खरा हुईल."

मला त्यांना चिडवायचं होतं, ते राहून गेलं. आम्ही अंधार पडायच्या आत उठलो आणि घरी आलो. त्यानंतर मात्र महाद्वार रोडवर मी त्यांच्याबरोबर तक्रार न करता जाऊ लागलो. एवढंच काय, एकदोनदा जाड कडीच्या बाजूने वादही घातला.

उन्हाळा वर चढला तरी निवड होत नव्हती. मग एका सकाळी वर्कशॉपात अण्णांचा फोन आला. "मशीन येऊन उभं ऱ्हायलंय. परवा मुरूम टाकत्यात. येतोस का न्हाय?" दाजींनी फोन ठेवला, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी झटकन निर्णय घेतला. काच त्या जाड कडीच्या फिल्टरचीच सगळ्यांत स्वच्छ होती. त्यांनी ती विकत घेतली, काच कडीतून सोडवून कापसात ठेवली आणि ॲल्युमिनियमचा तुकडा लेथला लावला. मी तिथे होतो. शाफ्ट कातताना विडी ओढत गप्पा मारणारा हा माणूस त्या दिवशी श्वास रोखून उभा होता. पातळ पापुद्र्यासारखी तार सुटत होती, आणि दर थोड्या वेळाने ते मशीन थांबवून व्हर्नियर लावत होते. कडी इतकी पातळ झाली की मला ती हातात घ्यायची भीती वाटली. काच तिच्यात बसली, कडी लेन्सवर फिरली, कुरकुरली नाही, आणि कॅमेऱ्यातून बघितल्यावर चारही कोपरे मोकळे होते. "हे दुकानात मिळालं असतं तर मी ताबडतोब घेतलं असतं," दाजी म्हणाले. अक्का दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तरी बी तुमी म्हणाला असतासा, दुसरं दाखवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाला पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर यायला आलं होतं. विहिरीशेजारी ते पिवळं मशीन उभं होतं आणि मुरमाचा ढीग पडला होता. अण्णा काठावर काठी टेकून उभे होते. वय झालं होतं, टोपीखालचं तोंड बारीक झालं होतं, पण आवाज तसाच. "आला काय शिवणारा!" ते म्हणाले, आणि दाजींनी मान खाली घातली.

काठावरून काम होणार नव्हतं. रंकाळ्यावरचा धडा पाठ होता, तिरकं बघायला पाहिजे, म्हणजे पायऱ्या उतरून थेट पाण्यापाशी जायला पाहिजे. कॅमेरा ठेवायला दाजींनी वर्कशॉपातल्या पाइपाची तिकाटणी स्वतः बनवली होती. ती एखाद्या हातपंपाएवढी जड होती, आणि अर्थातच माझ्या खांद्यावर होती. पायऱ्या ओल्या, कडेला नेच्याची झुडपं, खाली उतरू तसा वरचा आवाज विरत गेला. दाजींनी एका हाताने माझ्या शर्टाचा चोळामोळा करून धरला होता. शेवटच्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं तसे ते जागीच थांबले. "चला माघारी?" मी विचारलं. "न्हाय," ते म्हणाले.

तिकाटणीचा एक पाय पाण्यात, दोन पायरीवर. दाजींनी कॅमेऱ्याला डोळा लावला. विहीर अगदी निवांत होती. गोल आभाळ पाण्यात उतरलं होतं, काठावरचे अण्णा त्यात उलटे उभे होते, एक काजूचं पान त्यांच्या टोपीवरून हळूहळू तरंगत चाललं होतं. दाजींनी कडी फिरवायला सुरुवात केली. पूर्ण एक फेरी, मग पुन्हा एक. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. ती पाठ हळूहळू ताठ झाली आणि मग सैल पडली. ते बाजूला सरले आणि म्हणाले, "तुमी बघा."

मी डोळा लावला, कडी फिरवली. आभाळ पाण्यावरून निघून गेलं. अण्णा गेले. आणि सगळा तळ समोर आला, इतका जवळ की हात लांब केला तर लागावा. तांबडा जांभा, त्यावर उन्हाच्या जाळ्या हलत होत्या. एक चेपलेली बादली, एक पालथी घागर, रहाटाची जुनी कप्पी, कुजलेली पानं. कातळ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सपाट होता. कासव नव्हतं. निदान कासवासारखा एखादा दगड तरी दिसावा म्हणून मी कोपरान् कोपरा शोधला. काहीच नव्हतं. पणजोबांपासून त्या घरातली झाडून सगळी मुलं पाण्याच्या वर येऊन हात उंच करून ओरडली होती, आणि पुढच्या प्रत्येक मुलाला वाटलं होतं की एकट्या आपल्यालाच काही सापडलं नाही.

"दिसलं काय रं?" वरून अण्णांचा आवाज आला. विहिरीत तो घुमला. मी वर पाहिलं. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून वाकले होते. त्यांच्या आवाजात मघाची चेष्टा नव्हती. लहान मूल निकाल विचारतं तसं त्यांनी विचारलं होतं.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वर बघून, सगळी विहीर भरेल एवढ्या मोठ्याने ओरडले, "हाय की अण्णा! दिसलं! तू सांगितलंस तसंच हाय!"

वर अण्णांनी टोपी सारखी केली. मग अण्णा म्हणाले, "मग! मी काय खोटं सांगत हुतो?" आणि ते काठावर बसले.

दाजींनी कडी परत फिरवली. आभाळ पाण्यावर आलं, अण्णा आले, पान आलं. मग त्यांनी फोटो काढला. एकच काढला.

आम्ही वर आलो तर अण्णांनी घरातून वाटी आणवून ठेवली होती. गूळखोबरं. त्यांनी वाटी दाजींपुढे केली. "घे. शिवलास न्हवं." दाजींनी खडा तोंडात टाकला. अण्णांनी विचारलं, "केवढं हाय रं?" दाजींचा हात सवयीने खिशातल्या व्हर्नियरकडे गेला आणि तिथून परत आला. त्यांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले. "एवढं," ते म्हणाले. माझ्या माहितीत त्यांनी अंदाजाने सांगितलेलं हे पहिलं माप. अण्णा त्या तळव्यांच्या मधल्या जागेकडे बघत राहिले. "व्हय," ते म्हणाले. "तेवढंच." मग दोघा भावांनी मिळून वाटी संपवली, आणि थोडं मलाही दिलं.

आता तिथून डांबरी रस्ता जातो. गाडी जरा दचकते तेवढीच खूण. अण्णा नंतरच्या दोनेक पावसाळ्यांत गेले. दाजींनी वर्कशॉप आवरलं, कॅमेरा कपाटात ठेवला. नव्या कॅमेऱ्यांना रोलही लागत नाही, फिल्टर तर कुणी विचारत नाही. ती पातळ कडीची काच मात्र त्यांच्या खिशात असते, व्हर्नियरच्या जागी. बाजारात ते हल्ली हाताला येईल ते घेऊन येतात. वांगी किडकी निघाली तरी बोलत नाहीत. अक्का मला हळूच म्हणतात, "पूर्वी दुकानदाराचा जीव घ्यायचे तेच बरं हुतं ओ." मला त्यांचं पटतं.

तो फोटो त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात, भिंतीवर लावलेला आहे. गोल विहीर, तिच्यात गोल आभाळ, आभाळात उलटे उभे असलेले अण्णा. कुणी नवीन पाहुणा आला की विचारतो, "कासव कुठं हाय ह्यात?" दाजी आभाळावर बोट ठेवतात. "ह्याच्या खाली." पाहुण्याला पटत नाही. तो माझ्याकडे बघतो, कारण पोस्टातला माणूस खोटं बोलणार नाही असं लोकांना अजून वाटतं. "आहे," मी सांगतो. "मी होतो तिथं, मी बघितलंय." आणि दोन्ही तळवे समोरासमोर धरून दाखवतो. मग दाजी खुर्चीतून उठतात, जवळ येतात आणि माझे तळवे धरून किंचित लांब करतात.

"एवढं," ते म्हणतात. "अण्णानं बघितलेलं एवढं हाय."